ग्रेडल: एक ओळ बदलली तरी सहाशे टास्क चालतात, लागतील तेवढेच कसे चालवायचे?

अर्धविराम:

अँड्रॉइड प्रोजेक्ट, एकूण ११ मॉड्यूल: ॲप, कोअर, नेटवर्क, नेटिव्ह आणि सात फीचर. कोडपासून ॲप बांधायला ग्रेडल ८.७ (त्यातलं एकेक काम म्हणजे टास्क), अँड्रॉइड प्लगइन ८.५, कोटलिन, ॲनोटेशनवरून कोड जनरेट करायला अजून काप्ट. नेटिव्ह मॉड्यूलमध्ये सी भाषेतली एक लायब्ररी आहे. तिची जुनी मेकफाइल (मेक या बिल्ड साधनाची फाइल) एका एक्झेक टास्कमधून, म्हणजे बाहेरची कमांड चालवणाऱ्या टास्कमधून, चालते.

रीडमीत एकच कमांड दिलेली आहे, "ग्रेडलडब्ल्यू क्लीन बिल्ड", आणि सगळे तीच मारतात. घाई असली की तिच्यापुढे "-एक्स टेस्ट" (टेस्ट वगळ) जोडायचं. कोअरमधल्या एखाद्या फंक्शनच्या आतली एक ओळ बदलली तरी सहाशेच्या वर टास्क आणि नऊ-दहा मिनिटं.

क्लीन (आधीचं आउटपुट पुसणारा टास्क) काढून पाहिलं. वेळ बराच कमी झाला, पण काहीही न बदलता लगेच दुसऱ्यांदा चालवलं तरी "जनरेटडीबगबिल्डकॉन्फिग", ॲपचं कंपाइल आणि नेटिव्हचा मेक टास्क पुन्हा चालतातच. त्यांच्यामागून आणखी वीसेक.

तर रोजच्या कामात कोणत्या वेळी नेमका कोणता टास्क मागायचा? -एक्सची यादी वाढवत नेणं बरोबर आहे का? आणि काही बदललेलं नसताना टास्क पुन्हा का चालला, हे ग्रेडलकडूनच कसं काढून घ्यायचं? (टास्कची नावं नि फ्लॅग उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टर्मिनलवर नेहमीचं स्पेलिंग.)


मोजपट्टी:

आधी "बिल्ड" म्हणजे काय ते बघा. तो टास्क स्वतः काहीच करत नाही, असेंबल आणि चेक या दोघांना कामाला लावतो. अँड्रॉइडमध्ये असेंबल म्हणजे सगळे व्हेरियंट, म्हणजे ॲपची सगळी रूपं: डीबगही आणि रिलीजही, दोन फ्लेवर असतील तर चार. रिलीजला मिनिफाय चालू असेल तर आर८ (न लागणारा कोड काढून ॲप लहान करणारं साधन) आलाच. चेक म्हणजे युनिट टेस्ट, त्याही दोन्ही बिल्ड टाइपच्या, आणि वर लिंट (कोडमधल्या संभाव्य चुका शोधणारी तपासणी). "-एक्स टेस्ट" लावून तुम्ही यातल्या फक्त टेस्ट काढता. आर८ आणि लिंट जिथल्या तिथे राहतात, आणि वेळ बहुधा तिथेच जातो.

म्हणून -एक्सची यादी वाढवू नका. नको ते वगळत बसण्यापेक्षा हवं ते नाव घेऊन मागा, त्याला जे लागतं ते ग्रेडल स्वतः शोधतो. -एक्सचा दुसरा धोका असा की वगळलेल्या टास्कवर दुसरं कुणी अवलंबून असेल तरी ग्रेडल थांबत नाही, डिस्कवर पडलेलं जुनं आउटपुट उचलतो. कोड जनरेट करणारा टास्क वगळला आणि ब्रांच बदलली, की मागच्या ब्रांचचा जनरेट झालेला कोड नव्या ब्रांचमध्ये कंपाइल होतो. एरर आला तर नशीब. नाही आला तर दुपार गेली.

आता काय मागायचं ते. "एवढं कंपाइल होतंय का" एवढाच प्रश्न असेल तर ":फीचर-कार्ट:कंपाइलडीबगकोटलिन". यात डेक्सिंग (अँड्रॉइडला चालणाऱ्या स्वरूपात रूपांतर) नाही, पॅकेजिंग नाही. टेस्टचा कोडही तपासायचा असेल तर त्याच मॉड्यूलचं "कंपाइलडीबगयुनिटटेस्टकोटलिन". फोनवर बघायचं असेल तर ":ॲप:इन्स्टॉलडीबग". एपीके फाइल हातात हवी तर ":ॲप:असेंबलडीबग".

एकच टेस्ट चालवायची तर:

:फीचर-कार्ट:टेस्टडीबगयुनिटटेस्ट --टेस्ट्स "*कार्टटोटलटेस्ट"

इथे दोन ठिकाणी ठेच लागते. अँड्रॉइड मॉड्यूलमध्ये नुसता "टेस्ट" हा फक्त गोळा करणारा टास्क आहे, त्याला --टेस्ट्स हा पर्याय माहीतच नसतो. "अनोळखी पर्याय" म्हणून कमांड पडते. व्हेरियंटचं पूर्ण नाव द्यावं लागतं. दुसरं, मॉड्यूलचं नाव न देता --टेस्ट्स लावलं तर ज्या मॉड्यूलमध्ये त्या नावाची टेस्ट नाही तिथे "एकही टेस्ट सापडली नाही" म्हणत बिल्ड फेल होतो.

मॉड्यूलच्या नावाचं महत्त्व एरवीही तेवढंच. रूट फोल्डरमधून नुसतं "असेंबलडीबग" म्हटलं की त्या नावाचा टास्क ज्या ज्या मॉड्यूलमध्ये आहे तिथे तिथे चालतो. कार्टवर काम करताना बाकीच्या सहा फीचरचे एएआर (लायब्ररीचे पॅकेज) बांधून कुणाला काय मिळणार? पुढचा कोलन आणि मॉड्यूलचं नाव कधी गाळू नका.

झालेली टेस्ट मुद्दाम पुन्हा चालवायची असेल तर टास्कच्या नावापुढे "--रीरन" लिहा (ग्रेडल ७.६ पासून आहे). ते फक्त त्या एका टास्कला लागू होतं. "--रीरन-टास्क्स" हे वेगळं प्रकरण आहे, ते त्याच्या सगळ्या डिपेंडन्सीही नव्याने चालवतं. दोघांत गल्लत झाली तर क्लीन केल्यासारखंच.

कुठलीही कमांड मारण्याआधी तिच्यात काय काय येतं ते "--ड्राय-रन" किंवा "-एम" लावून बघता येतं. "बिल्ड -एम" आणि ":ॲप:असेंबलडीबग -एम" यांच्या याद्या शेजारी ठेवा, फरक डोळ्यांना दिसेल. पण ड्राय-रन प्रत्येक टास्कपुढे "स्किप्ड" छापतो. त्यातले कोणते अपटूडेट ठरले असते ते त्यावरून कळत नाही.


खटपट्या:

तिसऱ्या प्रश्नाचं बघू. मोजपट्टींनी सांगितलं ते केल्यावर टास्कची संख्या उतरेल, पण उरलेल्यातले विनाकारण चालणारे तसेच राहतील.

ग्रेडल प्रत्येक टास्कचे इनपुट आणि आउटपुट यांचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे) जपून ठेवतो. फाइलची वेळ नाही, आतला मजकूर. शिवाय टास्कचा स्वतःचा कोड आणि त्याला दिलेल्या व्हॅल्यूसुद्धा. यातलं काहीच बदललं नसेल तर टास्क "अप-टू-डेट". क्लीन म्हणजे हे आउटपुट आपल्या हाताने पुसणं, मग तुलना करायला उरतं काय? रीडमीतून तो शब्द आजच काढा. एखाद्या टास्कच्या आउटपुटबद्दल खरंच शंका असेल तर तेवढंच पुसता येतं: टास्कच्या नावाआधी "क्लीन" जोडायचं, जसं ":कोअर:क्लीनकंपाइलडीबगकोटलिन".

चौकशी करायची रीत: एक कमांड ठरवा, ती एकदा चालवा, काहीही न बदलता लगेच पुन्हा चालवा, दुसऱ्या वेळी "--कन्सोल=प्लेन" लावून. ज्या टास्कपुढे काहीच लिहिलेलं नाही तो खरोखर चालला. "अप-टू-डेट", "फ्रॉम-कॅशे", "नो-सोर्स" असं लिहिलेलं असेल तर तो चालला नाही. शेवटच्या ओळीत एकूण किती आणि त्यातले किती चालले ते येतं. दुसऱ्या फेरीत चाललेल्यांचा आकडा शून्य असायला हवा. नसेल तर यादीत सगळ्यात वर असलेला धरा, कारण खालचे बहुतेक त्याच्यामुळेच चाललेले असतात. मग त्याच कमांडला "--इन्फो" लावा आणि आउटपुटमध्ये त्या टास्कचं नाव शोधा. तिथे कारण स्पष्ट लिहिलेलं असतं: अमुक इनपुट प्रॉपर्टीची व्हॅल्यू बदलली, अमुक फाइल बदलली, किंवा टास्कने आउटपुटच जाहीर केलेलं नाही.

तुमच्या बिल्डकॉन्फिगचं कारण न बघताही सांगता येईल. ॲपच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये "बिल्डकॉन्फिगफील्ड"मध्ये बिल्डची वेळ भरलेली असणार. दर वेळी नवी वेळ, म्हणून नवी बिल्डकॉन्फिग फाइल, म्हणून ॲपचं कंपाइल, मग डेक्स, मग पॅकेजिंग. तुमचे वीसेक टास्क मुख्यतः हेच. डीबगमध्ये तिथे ठरावीक "०" ठेवा, रिलीजला सीआयवरून (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवरून) "-पी" प्रॉपर्टीने खरी वेळ द्या. स्क्रिप्टमध्येच सध्याची वेळ काढून रिलीजला भरू नका: पुढे कॉन्फिगरेशन कॅशे (स्क्रिप्ट वाचून निघालेला निकाल जपून ठेवणं) चालू केलात तर पहिल्या वेळची वेळ तिथेच गोठून बसेल, आणि ते कुणाच्या लवकर लक्षात येणार नाही.

स्वतः लिहिलेल्या टास्कमध्ये तीन चुका नेहमी सापडतात. आउटपुट जाहीर केलेलं नाही: टास्क दर वेळी चालतो. फक्त आउटपुट जाहीर केलंय, इनपुट नाही: ही जास्त वाईट, कारण आउटपुट जागेवर आहे तोवर ग्रेडल त्याला अपटूडेट समजतो आणि सोर्स बदलला तरी टास्क चालत नाही. तिसरी, दोन टास्क एकाच फोल्डरमध्ये आउटपुट लिहितात: मग कोणती फाइल कुणाची ते ग्रेडलला ठरवता येत नाही आणि कॅशे बंद पडतो. प्रत्येक टास्कला बिल्ड फोल्डरखाली स्वतःचं वेगळं फोल्डर द्या. "सोर्स" फोल्डरमध्ये जनरेट केलेलं काही लिहिणं तर पूर्ण बंद करा.

नेटिव्हच्या एक्झेक टास्कला इनपुट म्हणून सी फाइलींचं फोल्डर आणि मेकफाइल, आउटपुट म्हणून तयार होणारी एसओ फाइल (कंपाइल झालेली लायब्ररी), आणि एनडीकेची (अँड्रॉइडसाठी सी कंपाइल करणाऱ्या साधनांची) आवृत्ती इनपुट प्रॉपर्टी म्हणून लावा. आवृत्ती विसरलात तर एनडीके बदलूनही जुनीच एसओ राहील.

एवढं झाल्यावर "ग्रेडल.प्रॉपर्टीज"मध्ये "ऑर्ग.ग्रेडल.कॅशिंग=ट्रू" लिहा. ब्रांच बदलून परत आलात की आधी झालेलं काम कॅशेतून उचललं जातं. पण आधी दुसरी फेरी शून्यावर आणा, मग कॅशे. उलट क्रमाने केलंत तर जिथे इनपुट अर्धवट जाहीर केलेलं आहे तिथून चुकीचं आउटपुट बिनबोभाट परत मिळेल.


तळटीप:

खटपट्यांचं बाकी सगळं मान्य, नेटिव्ह टास्कचं नाही. मेकफाइल नीट असेल तर मेकला दर वेळी चालू द्यावं. कोणत्या सी फाइलला कोणता हेडर (तिच्यात ओढली जाणारी घोषणांची फाइल) लागतो हे मेकला बारकाईने माहीत असतं. ग्रेडलला फक्त "हे फोल्डर" एवढंच. हेडर त्या फोल्डरबाहेर असला तर ग्रेडल फसेल. काहीच करायचं नसताना मेक फारच थोड्या वेळात परत येतो. तेव्हा आउटपुट म्हणून एसओ जाहीर करा आणि "आउटपुट्स.अपटूडेटव्हेन"मध्ये फॉल्स परत करा. टास्क चालला तरी एसओचा मजकूर तोच असेल तर हॅश तोच, आणि पुढचे टास्क हलणार नाहीत.

अट एकच, मेकफाइल खरोखर नीट हवी. मेक फाइलच्या वेळा बघतो, मजकूर नाही. १९७६ पासून असंच आहे. त्यातून ठरावीक दुखणी निघतात.

कुठल्या तरी खऱ्या फाइलच्या डिपेंडन्सीत फोनी (फाइल नसलेलं, नावापुरतं) टार्गेट टाकलेलं असतं. फोनी कायम "जुनं" समजलं जातं, म्हणून ती फाइल दर वेळी नव्याने बनते. दुसरं, ऑब्जेक्ट फाइली (एकेका सी फाइलचं कंपाइल झालेलं रूप) ठेवायचं फोल्डर साधी डिपेंडन्सी म्हणून लिहिलेलं असतं. फोल्डरमध्ये फाइल आली-गेली की फोल्डरची वेळ बदलते, आणि सगळ्या ऑब्जेक्ट फाइली जुन्या ठरतात. फोल्डर नेहमी उभ्या रेषेनंतर लिहायचं, म्हणजे ते फक्त आधी तयार असायला हवं एवढाच अर्थ राहतो, वेळ बघितली जात नाही.

उलट बाजूचं दुखणं म्हणजे हेडर बदलूनही काहीच न चालणं. कंपायलरला "-एमएमडी -एमपी" द्या, त्याने प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलशेजारी तिच्या सी फाइलला लागणाऱ्या हेडरची यादी असलेली डॉट-डी फाइल तयार होते. मेकफाइलच्या शेवटी त्या सगळ्या "-इन्क्लूड"ने ओढा. आधीचा डॅश हवाच, नाहीतर पहिल्या वेळी त्या फाइली नाहीत म्हणून मेक अडेल. "-एमपी" गाळलात तर एखादा हेडर काढून टाकल्यावर मेक तो शोधत बसतो आणि थांबतो. मेकफाइलमधले फ्लॅग बदलले तर मेकला त्याचा पत्ता नसतो, म्हणून मेकफाइल स्वतःच ऑब्जेक्टच्या डिपेंडन्सीत ठेवा.

काय चालणार ते "मेक -एन" सांगतो, आणि का चालतंय ते "मेक --ट्रेस" (जीएनयू मेक ४.०, म्हणजे २०१३ पासून).

आणखी एक तपासा. सी कोडमध्ये तारीख-वेळेचे मॅक्रो असतील, डेट किंवा टाइम, तर ती फाइल कंपाइल झाली की एसओचा मजकूर बदलतो आणि ग्रेडलचा हॅशही. "-डब्ल्यूडेट-टाइम" लावलंत की कंपायलर अशा ओळी दाखवून देतो.


पाचर:

इथपर्यंतच्या उत्तरांत "किती टास्क चालले" हेच मोजलं गेलं. पण कोअरमधली एक ओळ बदलल्यावर सातही फीचर कंपाइल होतात का, हे कोड कसा मांडलाय त्यावर ठरतं. खालच्या मॉड्यूलचा बाहेरून दिसणारा भाग बदलला नाही तर वरचं मॉड्यूल पुन्हा कंपाइल करायची गरज नसते. फंक्शनच्या आतली ओळ, प्रायव्हेट मेथड: बाहेरून काही बदललं नाही, फीचर मॉड्यूल जागचे हलायला नकोत. पब्लिक फंक्शनची सही (नाव, पॅरामीटर आणि टाइप), कॉन्स्ट व्हॅलची व्हॅल्यू, कोटलिनच्या पब्लिक इनलाइन फंक्शनचं (ज्याचा कोड वापरणाऱ्याच्या कोडमध्येच उतरवला जातो) आतलं अंगसुद्धा, हे सगळं बाहेर दिसणारं धरलं जातं. कोअरमध्ये इनलाइन फंक्शनांचा ढीग असेल तर दर बदलाला सगळ्यांची वरात निघेल.

त्यातच "एपीआय" आणि "इम्प्लिमेंटेशन". मॉड्यूल जोडायचे हे दोन प्रकार: एपीआयने जोडलेलं त्याच्यावरच्या मॉड्यूलनाही दिसतं, इम्प्लिमेंटेशनने जोडलेलं नाही. सवयीने सगळीकडे एपीआय लिहिलेलं असतं. नेटवर्क मॉड्यूल कोअरला एपीआयने जोडलेलं असेल तर नेटवर्कमधला बदल कोअर ओलांडून सातही फीचरपर्यंत जातो. कोअरच्या पब्लिक सहीत नेटवर्कचा एकही टाइप येत नसेल तर ते इम्प्लिमेंटेशन करा, साखळी तिथेच तुटते. तुमच्या प्रोजेक्टात सगळ्यात जास्त फायदा इथेच दिसेल असं मला वाटतं. कमांडचं नाव बदलणं त्यामानाने सोपं काम.

काप्ट आधी कोटलिन फाइलींचे जावा स्टब तयार करतो आणि मग प्रोसेसर चालवतो. स्टबचा खर्च प्रत्येक मॉड्यूलला वेगळा. तुमच्या प्रोसेसरची केएसपी (स्टबशिवाय थेट कोटलिन वाचणारा काप्टचा पर्याय) आवृत्ती असेल तर तिकडे जा. रूम आणि हिल्ट या लायब्ररींपैकी दोन्हींची आहे. पण एका मॉड्यूलमधला एक जरी प्रोसेसर काप्टवर राहिला तर त्या मॉड्यूलचे स्टब राहतातच, म्हणून मॉड्यूल पूर्ण मोकळं करत पुढे जा.

टास्क एकच मागितला तरी एरवी ग्रेडल आधी सगळ्या ११ मॉड्यूलच्या स्क्रिप्ट वाचतो. स्क्रिप्टमध्ये "टास्क्स.क्रिएट" असेल तर न लागणारा टास्कही तयार होतो, "टास्क्स.रजिस्टर" (ग्रेडल ४.९ पासून) केलं तर लागेल तेव्हाच. कॉन्फिगरेशन कॅशे ८.१ पासून स्थिर आहे, तुमच्या ८.७ वर बिनधास्त चालू करा. मात्र मागितलेल्या टास्कची यादी बदलली की त्याची नोंदही वेगळी होते, म्हणून टीमने दोन-तीन ठरलेल्या कमांड वापरल्या तर फायदा जास्त.

आयडीई आणि टर्मिनल वेगवेगळ्या जेडीकेवर (जावाच्या संचावर) असतील तर डीमनही (मागे चालू राहणारी ग्रेडलची प्रक्रिया) दोन उभे राहतात, आणि रिकामा डीमन तीन तास मेमरी अडवून बसतो. दोघांना एकच जेडीके द्या.

आणि एक अडसर. रोज फक्त डीबग चालवायचं हे ठीक, पण आर८ ने काढून टाकलेला क्लास रिलीजमध्येच कळतो. पूर्ण "बिल्ड" सीआयवर प्रत्येक मर्जआधी चाललाच पाहिजे. तिथून तो काढायची सूचना आली तर ऐकू नका.


अर्धविराम:

बिल्डकॉन्फिगमध्ये वेळच होती, काढली. मेकफाइलमध्ये फोल्डर साध्या डिपेंडन्सीत होतं, उभ्या रेषेपलीकडे नेलं. आता ":ॲप:असेंबलडीबग"ची दुसरी फेरी: मेक सोडून एकही चालत नाही. पण कमिट केल्यावर, सोर्सला हात न लावता, "प्रोसेसडीबगमेनमॅनिफेस्ट" आणि रिसोर्सचे टास्क चालतात. --इन्फो म्हणतो व्हर्जनकोड ही इनपुट प्रॉपर्टी बदलली.


खटपट्या:

व्हर्जनकोड गिटच्या कमिटच्या संख्येवरून काढलेला असणार. कमिट वाढला, आकडा वाढला, मॅनिफेस्ट बदलला. आणि तो आकडा काढायला स्क्रिप्टमध्ये गिटची कमांड चालत असेल तर प्रत्येक कमिटनंतर कॉन्फिगरेशन कॅशेही फुकट जाईल.

डिफॉल्टमध्ये १ ठेवा; सीआयवर "-पीव्हर्जनकोड=" ने आकडा द्या, स्क्रिप्टमध्ये प्रॉपर्टी असेल तरच तो वाचा, नसेल तर १. गिटची कमांड स्क्रिप्टमधून पूर्ण काढा, नुसती डीबगसाठी इफमध्ये घालू नका. फोनवर आधीचं मोठ्या आकड्याचं ॲप असेल तर पहिल्या इन्स्टॉलला डाउनग्रेड म्हणून नकार येऊ शकतो. ते एकदा काढून टाका, किंवा डीबगला ॲप्लिकेशनआयडी सफिक्स लावा म्हणजे दोन्ही ॲप शेजारी राहतील. सफिक्स लावणार असाल तर पुश नोटिफिकेशन किंवा लॉगिनसाठी पॅकेजचं नाव नोंदवलेलं आहे तिथे नवं नावही नोंदवा, नाहीतर डीबगमध्ये लॉगिन चालेनासं होईल.